निकमकाकांचा बरोबर शब्द

समीरदादा माझ्या डेस्कपाशी आला तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते. तो काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही, म्हणून मी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आप्पा गेले गं," तो म्हणाला आणि उभ्याउभ्याच रडायला लागला. आमच्या ऑफिसात भिंती नाहीत, नुसत्या टेबलांच्या ओळी आहेत. चाळिशी ओलांडलेला माणूस तिथे मराठीत, मोठ्याने रडत होता… आणि मी आधी मान वळवून कोण कोण बघतंय ते पाहिलं. मग उठले, त्याच्या हाताला धरलं, त्याला जिन्यापाशी नेलं. बघत कुणीच नव्हतं. पण ते आधी मान वळवणं गेले काही दिवस माझ्या मनातून जात नाही. काका असते तर त्यांना त्यात गंमत वाटली असती. त्यांचं अर्धं तत्त्वज्ञान त्या मान वळवण्यात होतं, असंही ते म्हणाले असते.

आप्पा म्हणजे समीरदादाचे वडील, विट्याच्या कॉलेजातून तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले निकम सर. मी त्यांना काका म्हणायचे. समीरदादा माझ्याच ऑफिसात काम करतो. तो, प्रज्ञावहिनी आणि त्यांची मुलं आयर्लंडमध्ये ॲथलोनला राहतात आणि त्यांच्या घरातली छोटी खोली मी भाड्याने घेतली आहे. काकू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात काका त्यांच्याकडे काही महिने राहायला आले. त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि खाकी कागदाची कव्हरं घातलेली जुनी इंग्रजी पुस्तकं जास्त होती. इथल्या ओलसर हवेत आठवड्याभरात त्या पुस्तकांना वास यायला लागला, तेव्हा काकांनी त्यांची सोय हॉट प्रेसमध्ये केली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. घरातले टॉवेल, चादरी तिथे वाळतात. "छापखान्यातनं निघाली आणि शेवटी प्रेसमध्येच आली की गं," ते म्हणाले आणि स्वतःच बराच वेळ हसत राहिले. वहिनींनी टॉवेलांचा एक कप्पा त्यांना रिकामा करून दिला. तेव्हापासून आमच्या घरातल्या तत्त्वज्ञानाला धुण्याच्या पावडरचा वास यायचा.

मी ऑफिसला नदीकाठाने सायकलवरून जाते आणि संध्याकाळी येईपर्यंत हातमोजे भिजलेले असतात. काका ते दाराशी काढलेले उचलायचे आणि हॉट प्रेसमध्ये आपल्या पुस्तकांशेजारी ठेवायचे. सकाळी निघताना आणून हातात द्यायचे. मला ते अवघड वाटायचं. वडिलांच्या वयाच्या माणसाने आपले ओले मोजे-बिजे उचलू नयेत असं वाटायचं, आणि ते सांगायचं कसं हेही कळायचं नाही. मी पुण्यात नन्सच्या शाळेत शिकले. मराठी आमच्याकडे घरात बोलायची आणि शाळेत पास व्हायची भाषा होती. माझ्याकडे मराठीत संकोचाला शब्द नव्हते, म्हणून मी नुसतं "थँक्यू काका" म्हणायचे. ते म्हणायचे, "थँक्यू कशाला, हात गार पडत्यात ना."

ते काय शिकवत होते असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, ब्रिटिश चिद्वाद. मला कळलं नाही. त्यांनी इंग्रजी शब्द सांगितला, आयडियलिझम, तेव्हा मी म्हटलं, हां, आदर्शवाद. त्यांनी कपाळाला हात लावला. आदर्शवाद म्हणजे उंच उंच ध्येयं बाळगणं, आणि हे वेगळं, ते म्हणाले. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्यापीठांत काही माणसं म्हणायला लागली की जग म्हणजे सुट्या वस्तूंचा ढीग नाही, आणि समाज म्हणजे सुट्या माणसांची गर्दी नाही. सगळं एकमेकांत गुंतलेलं एकच आहे, आणि जे अखेरीस खरं आहे ते चैतन्याच्या जातीचं आहे. त्यांनी मला उदाहरण दिलं ते माझंच. 'मी' हा शब्दसुद्धा तू शोधून काढला नाहीस, तो तुला कुणीतरी शिकवला. तुझी लाज, तुझी चव, तू मनात कुणाशी भांडतेस ती भाषा, सगळं आधी दुसऱ्यांचं होतं. मग त्यातून दुसरे वजा केले तर उरतं काय? त्यांच्या तरुणपणी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात या विषयाचा अख्खा पेपर होता. पुढे तो गेला, मग विभागही बंद झाला आणि शेवटची वर्षं ते नुसतं तर्कशास्त्र शिकवत राहिले. "ज्यांच्या देशातली ही माणसं, ते त्यांना कधीच विसरले. विट्यातली पोरं मात्र वाचायची," ते म्हणाले. "मार्कांसाठी का असंना."

एका शनिवारी मी त्यांना घेऊन सुपरमार्केटमध्ये गेले. माकडटोपी, समीरदादाचा मोठा कोट, सँडलमध्ये लोकरीचे मोजे. बटाट्यांच्या ढिगापाशी ते एकेक बटाटा उचलून, अंगठ्याने दाबून, खालीवर करून बघत होते आणि बाजूच्या बाईंना आपल्या इंग्रजीत त्यातला फरक समजावून सांगत होते. त्या बाई हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होत्या, कळत काहीच नव्हतं. मी हळूच मासिकांच्या रॅकपाशी सरकले आणि एक मासिक उघडून उभी राहिले. घरी येताना पुलावर काका म्हणाले, "माझी लाज वाटली न्हवं?"

मी नाही म्हटलं.

"वाटली की. वाटू दे. मला एक सांग, तिथं तो एक गडी झोपायचा पायजमा घालून आलावता, पैसे घ्यायच्या मशीनशी भांडत होता. त्याची वाटली का?"

नव्हती वाटली. त्याची कशाला वाटेल?

"बघ. म्हणजे तुझा 'मी' माझ्यापर्यंत येतो, त्याच्यापर्यंत जात नाही. माणूस कातडीपाशी संपत असता तर तुला माझीबी लाज वाटली नसती." मग थोडं चालून म्हणाले, "त्याच्यापर्यंतबी जायला पाहिजे, असं ती माणसं म्हणायची. नीतीचं सगळं त्यात आलं." मी बटाट्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. इतक्या मोकळेपणी आपल्याला कुणी पकडेल असं मला वाटलं नव्हतं. पकडून वर त्याचं कौतुक करेल असं तर नाहीच.

गावातल्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांचा एक गट जमतो. चहा, बिस्किटं, आणि दर वेळी कुणीतरी एक जण आपल्याला जे येतं त्यावर बोलतो. मधमाश्या, दलदलीतून जाणारी जुनी रेल्वे, स्वेटरची वीण. काका घरी एकटे बसू नयेत म्हणून वहिनी त्यांना तिथे सोडायच्या. ते सगळं नोरा नावाच्या एक बाई चालवतात. सत्तरीच्या, शेलाट्या, कमी बोलणाऱ्या. इथल्या मधल्या भागाचे उच्चार काकांना कळायचे नाहीत आणि काकांचे त्यांना. "माझं इंग्रजी डोळ्यांचं आहे, त्याला तोंडच नाही," असं ते म्हणायचे. पण नोराचं आणि त्यांचं जमलं. नोरा त्यांना दूध वेगळं, चहा वेगळा आणून द्यायची. पाऊस नसेल तेव्हा दोघं नदीकाठी फिरायची. ती एकेका पक्ष्याचं आयरिश नाव सांगायची, हे मराठी सांगायचे, आणि नाव येत नसेल तिथे दोघं त्या पक्ष्याकडे नुसतीच बघत उभी राहायची. मी एकदा सायकलवरून जाताना त्यांना पाहिलं होतं. थांबले नाही.

एका बुधवारी नोराने त्यांना बोलायला सांगितलं. काकांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. ज्या भाषेत ती पुस्तकं लिहिली गेली, त्या भाषेच्या माणसांसमोर ते आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलणार होते. ते मराठीत बोलतील आणि मी वाक्यावाक्याने इंग्रजी करेन असं ठरलं. मी नको नको म्हणत होते, चार माणसांत बोलायची मला सवय नाही. पण दुसरं कुणी नव्हतं, वहिनींची त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ड्युटी होती. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली.

नोराने विषय जाहीर केला. "ब्रिटिश आयडियलिझम" म्हणताच मायकल नावाचे एक आजोबा मागून म्हणाले, ब्रिटिशांचे आदर्श? मग चहा निवायच्या आत उरकेल. सगळा हॉल हसला. मी काकांच्या कानात विनोदाचा अर्थ सांगितला तेव्हा ते सगळ्यांच्या नंतर, एकटेच, पोट धरून हसले, आणि मग लोक त्यांच्या हसण्याला हसले. पण ते उत्तरही देऊन गेले. त्या माणसांतले काही जण साम्राज्याच्याही बाजूने बोलले, ते म्हणाले. सगळे एकच आहोत असं म्हणताना बोट नकाशावर कुठे थांबवायचं ते त्यांना कळलं नाही, आणि त्याचा हिशेब तुम्हाला आणि आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. मायकलनी कप उंच करून दाद दिली. इतकं छान चाललं होतं. मी त्यांची टोपी विसरले, सँडल विसरले.

मग ते नीतीकडे आणि तिथून देवाकडे वळले. नीती नेहमी अपुरी असते, कारण 'असायला हवं' आणि 'आहे' यांत अंतर राहतंच. ते अंतर भरून आल्याचा अनुभव म्हणजे भक्ती, असं ही माणसं मानायची. त्यासाठी चमत्कार लागत नाही, आकाशात बसलेला कुणी लागत नाही. शेजाऱ्याच्या उपयोगी पडताना तो अनुभव येऊ शकतो. हे सगळं मी बऱ्यापैकी सांगितलं. मग काका म्हणाले, "माणसाचा 'मी' त्याच्या धर्मात घडतो. धर्म सोडून उभा राहिलेला माणूस म्हणजे पोकळ शब्द. त्याच्यात काही नाही."

धर्म. शाळेच्या अर्जापासून मला त्या शब्दाचं एकच इंग्रजी माहीत होतं. धर्म: हिंदू. मी खणखणीत आवाजात, कारण एव्हाना मला धीर आला होता, सांगितलं की माणूस त्याच्या रिलिजनमध्ये घडतो, आणि रिलिजन सोडलेला माणूस पोकळ असतो, त्याच्यात काही नसतं.

नोराने कप खाली ठेवला. कोटाची बटणं एकेक करून लावली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली. दार आवाज न करता लावून घेतलं. मायकल जमिनीकडे बघत होते. काका थांबले आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. काय झालं असं ते विचारताहेत असं मला वाटलं, म्हणून मी पुटपुटले, "तुम्ही बोला पुढे." त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग राहिलेलं थोडक्यात आटोपलं.

कप विसळताना मायकलनी मला सांगितलं की नोरा तरुणपणापासून मठात नन होती. चाळिशीत ती बाहेर पडली, तेव्हा याच गावातले लोक तिला बघून रस्ता ओलांडायचे. ते रागाने बोलले नाहीत, म्हणूनच मला जास्त लागलं. मला काकांची लाज वाटली. बटाट्यांपाशी वाटली होती त्याहून कितीतरी जास्त. पुलावर मी त्यांना म्हटलं, काका, इथे रिलिजनवर असं बोलायचं नसतं, लोकांनी त्यापायी खूप सोसलंय. नोराची सगळी हकिगत सांगितली. ते कठड्याला हात लावून ऐकत होते. पाण्याकडे बघत म्हणाले, "हं. चुकलंच."

मी तेवढ्यावर थांबले नाही. घरी वहिनींना सांगितलं की त्यांना कुठे काय बोलावं कळत नाही, मला पुन्हा सांगू नका. काका वर जिन्यालगतच्या हॉट प्रेसमध्ये माझे हातमोजे ठेवत होते.

पुढच्या आठवड्यापासून नोरा पुन्हा त्यांच्याबरोबर फिरताना दिसायला लागली. मोठ्या मनाची बाई, असं मला वाटलं. वसंत आला, काका विट्याला परत गेले, पुस्तकं इथेच ठेवून. पुन्हा यायचंच आहे, म्हणाले… आणि तिकडेच झोपेत गेले. समीरदादा, वहिनी आणि मुलं गावी गेली आणि घरात मी एकटी राहिले.

त्या शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर नोरा, पावसात चालत आलेली, हातात स्वच्छ फडक्यात बांधलेला घरचा ब्रेड. कुणी गेलं की इथे सगळे एकच वाक्य म्हणतात, तेच तिने माझा हात हातात घेऊन म्हटलं: सॉरी फॉर युअर ट्रबल. मी त्यांची कुणीच नव्हते. तसं सांगावं की नाही ते कळेना, म्हणून आत या म्हटलं. तिचे लोकरीचे हातमोजे पिळून निघतील इतके ओले होते. ते मी घेतले, चहा टाकला, ब्रेड कापला.

थोडा वेळ पक्ष्यांबद्दल बोलून ती म्हणाली की येत्या बुधवारी गटात काकांची आठवण काढायची आहे, तिने चार शब्द बोलायचे आहेत, आणि त्यासाठी तिला एक शब्द हवा आहे. त्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच चालत तिच्या दारात गेले होते. आधी आत यायला तयार नव्हते. पायरीवर उभं राहून त्यांनी पाठ केल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "मी मराठीत चुकीचा शब्द वापरला. मुलीने भाषांतर बरोबर केलं. चूक माझी. मला रिलिजन म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, माणूस जिथे उभा आहे ती जागा, आणि त्याच्यावर जे कुणी टेकलेले असतात ते." मग तिच्याकडे बोट करून म्हणाले की त्या हॉलमध्ये सगळे तुमच्यावर टेकलेले आहेत. तुम्ही पोकळ नाही.

"मग बरोबर शब्द कुठला, असं मी विचारलं," नोरा म्हणाली. "त्याने दोनदा सांगितला. डी अक्षरावरून काहीतरी होता. तो गेल्याचं कळल्यापासून आठवतेय, आठवतच नाही. तुला माहीत असेल ना?"

मी बशीतले ब्रेडचे कण बोटाने गोळा करत होते. काकांनी त्या दिवशी कुठलाही चुकीचा शब्द वापरला नव्हता. त्यांच्याकडे एकच शब्द होता आणि तो त्यांनी नीट वापरला होता. आणि एक गोष्ट मला तेव्हा, त्या टेबलापाशी, पहिल्यांदा लक्षात आली. नोराचे उच्चार त्यांना कळत नसत, मायकलचे कळत नसत, पण मी बोलायचे ते आमचं, वर्गात शिकलेलं इंग्रजी होतं. त्या हॉलमध्ये माझा प्रत्येक शब्द सगळ्यात नीट जर कुणाला कळत असेल, तर तो काकांना. ते माझ्याकडे वळून थांबले होते ते काय झालं हे विचारायला नाही. मी सुधारते का, याची त्यांनी वाट पाहिली होती. चार माणसांत त्यांनी मला तोंडघशी पाडलं नाही. आणि पुलावर मी त्यांनाच शिकवत होते.

दुसरा एखादा शब्द देऊन टाकावा असं मनात आलं. कर्तव्य, सेवा, काहीही. तिला काय कळणार होतं? पण तिच्यासमोर बसून माझे कान तापले होते. काकांनी विचारलं असतं, हिच्यापुढं का गं लाज वाटतीय, ही कोण तुझी?

"धर्म," मी म्हटलं.

नोराचा चेहरा उजळला. मग कपाळाला आठी पडली. "पण हॉलमध्येही तो हेच म्हणाला होता. तो तर चुकलेला शब्द ना?"

"शब्द तोच आहे. ते चुकले नव्हते. मी चुकले. मला त्याचा एकच अर्थ येत होता."

टाकीत पाणी गरम व्हायला लागल्याचा आवाज वरून येत होता. मग ती म्हणाली, "म्हणजे माझ्या दारात उभा राहून तो खोटं बोलला."

मी मान डोलावली.

"आणि मी त्याला माफ केलं. मोठ्या मनाने. चहा दिला वर." तिने डोळे पुसले, आणि ती हसतही होती. "ती माफी वाया गेली म्हणायची. आता आणखी एक काढावी लागणार."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं. बुधवारी तो शब्द मी सांगणार नाही, तू ये आणि तू सांग, असं ती म्हणाली. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायलाही जमलं नाही. हे लिहिते आहे तेव्हा तो बुधवार अजून यायचा आहे. आजवर मराठीत एवढं कधी लिहिलं नव्हतं, शब्दकोश उघडा ठेवून लिहिते आहे, आणि आता त्यातला प्रत्येक शब्द दोनदा बघते.

ती निघाली तेव्हा पाऊस चालूच होता. दाराशी तिने खिसे चाचपले, हातमोजे शोधायला लागली. मी वर गेले आणि हॉट प्रेसचं दार उघडलं. आत एका कप्प्यात टॉवेल, त्याखालच्या कप्प्यात खाकी कव्हरांची पुस्तकं, आणि त्यांच्या शेजारी मी तासाभरापूर्वी, कसलाही विचार न करता, ठेवलेले ते दोन हातमोजे. खाली येऊन मी ते तिच्या हातात दिले. तिने एकात हात घातला आणि तशीच थांबली. माझ्याकडे बघितलं.

लोकर आतून गरम झाली होती.